फॅट मोजायला यंत्र आहे, विष मोजायला नाही

हळदीचं पॉलिश काल संपलं. दीड एकर सेलम, कांडी आणि गोळा मिळून एकतीस क्विंटल भरली. उन्हं अशी तापलीत की ड्रमच्या पत्र्याला हात लागला तर चटका बसतो. खाली ताडपत्रीवर साल आणि धूळ, नाकातोंडात हळद. रात्री शिंक आली तरी रुमाल पिवळा.

पहिला ड्रम भरला तेव्हा पॉलिशवाला पोरगा जवळ आला आन् हळूच म्हणला, "काका, रंगाचा हात मारायचा का? जास्त नाही लागत."

मी नाही म्हणलं.

"मग भाव लागला नाही तर मला म्हणू नका."

त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. तो सगळ्यांना विचारतो, बरेच जण हो म्हणतात. आणि खरं सांगायचं तर तीन वर्षांमागं मी पण हो म्हणलं होतं. आज तेच लिहायला बसलोय. हे पान वाचणारे कृषी सहायक, विद्यापीठातले लोक, कृषी केंद्रवाले आणि माझ्यासारखे हळदवाले, सगळ्यांनी शेवटपर्यंत वाचा आणि मग काय शिव्या द्यायच्या त्या द्या.

त्या वर्षी हळद शिजवून वाळत घातली आणि अवकाळीनं दोनदा झोडपलं. एकदा झाकली, एकदा झाकायला उशीर झाला. हळकुंडं काळपट पडली. आतून चांगली होती. मोडली तर केशरी, वासाला तिखट. पण वरून पाहून कुणी हात लावला नसता. पॉलिशवाल्यानं पिवळी पावडर पाण्यात कालवली, शेवटच्या फेरीत ड्रममध्ये शिंपडली आणि दहा मिनिटांत माझी हळद नवरीसारखी निघाली. मी त्याला विचारलं नाही की ही पावडर कशाची. "पिवडी आहे, काही होत नाही," एवढं तो म्हणला. आणि मला तेवढंच ऐकायचं होतं.

माल गेला, भाव बरा लागला. घरच्यासाठी आम्ही नेहमीसारखी पॉलिश न करता पाच-सहा किलो बाजूला काढलेली होती. हे वाक्य पुन्हा वाचा. घरची वेगळी आणि बाजाराची वेगळी! हे आपल्या भागात कुणाला सांगावं लागत नाही. भाजीचं तेच, गहू-ज्वारीचं तेच. घरच्या ओळीवर फवारा नाही. आपल्याला सगळं कळतं, फक्त बोलायचं नसतं.

पण त्या वर्षी धाकटी बहीण आली होती माहेरी. वाशिमकडं दिलेली. जाताना तिला पाच किलो हळद द्यायची होती. घरची काळपट, सालीसकट. पॉलिशची कशी झळझळीत! बहिणीला वाईट माल कसा द्यायचा म्हणून मी स्वतःच्या हातानं पॉलिशची बांधून दिली. तिची पोरगी तेव्हा दीड वर्षाची होती. वरण-भात खायला लागली होती.

आता रंगाबद्दल सांगतो. हळदीला झळाळी आणायला जे रंग वापरले जातात त्यात दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. एक मेटॅनिल यलो, हा कापडाचा रंग. दुसरा लेड क्रोमेट, म्हणजे शिसं आणि क्रोमियम. रंगकामाच्या डब्यातला पिवळा. शिसं शरीरात गेलं की हाडात जाऊन बसतं. गरोदर बाईच्या पोटातल्या बाळापर्यंत पोचतं. लहान पोरांच्या मेंदूवर त्याचा मार बसतो, बुद्धी आणि शिकणं मंद होतं, आणि ते नंतर औषधानं भरून येत नाही. इतकं शिसं चालतं असा सुरक्षित आकडा जागतिक आरोग्य संघटनेनं दिलेलाच नाही. आपल्याकडचा नियम असा, की हळदीत लेड क्रोमेट अजिबात नको आणि एकूण शिसं किलोमागं १० मिलिग्रॅमच्या वर नको.

हे कुठं सिद्ध झालं? बांगलादेशात. तिथल्या गावांत गरोदर बायांच्या रक्तात शिसं सापडत होतं आणि कारण कळत नव्हतं. अमेरिकेच्या स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या आणि ढाक्यातल्या संशोधकांनी माग काढला, तो हळदीपर्यंत गेला. २०१९ मध्ये त्यांनी हे छापलं. पिवळ्या रंगाला तिकडं 'पेउरी' म्हणतात. आपली पिवडीच की! आणि हे सुरू कसं झालं? १९८० च्या दशकातल्या महापुरानं हळद भिजली, काळपट पडली, विकंना. मग रंग आला आणि पाणी ओसरल्यावरही राहिला. मी हे वाचलं तेव्हा खाली ठेवलं आणि अंगणात जाऊन बसलो. तिकडं पूर, इकडं अवकाळी. शेतकऱ्याची गोष्ट तीच.

हे बांगलादेशापुरतं नाही. २०२४ मध्ये भारत, पाकिस्तान, नेपाळ, श्रीलंकेतल्या २३ शहरांतल्या हळदीची तपासणी छापून आली. पाटण्यातल्या काही हळदीत किलोला १ हजार मिलिग्रॅमच्या वर शिसं होतं. आपल्या मर्यादेच्या शंभर पट.

आता माझ्या मुख्य रागाकडं येतो.

मी रोज डेअरीवर दूध घालतो. किटली ठेवली की पोरगं चमचाभर दूध यंत्रात घालतं आणि मिनिटाच्या आत पावती येते. फॅट एवढी, एसएनएफ एवढी, पाणी एवढं टक्के. एक पॉइंट कमी आला की पैसे कापले. सोयाबीन घेऊन हमीभाव केंद्रावर जा. ओलावा १२ च्या वर गेला की ट्रॉली परत. २०२४ च्या हंगामात बोंबाबोंब झाली तेव्हा ती मर्यादा १५ केली. तिथंही यंत्र आहे, मूठभर दाणे टाकले की आकडा. कापसाचा ओलावा मोजतात. उसाचा उतारा मोजतात. हळदीला ओलाव्याचं मीटर लावतात.

म्हणजे मोजायला येत नाही असं नाही. यंत्र नाही असं नाही. खेड्यात वीज नाही, माणूस शिकलेला नाही, ही कारणं नाहीत. जिथं शेतकऱ्याचे पैसे कापायचे तिथं यंत्र गावात पोचलंय. जिथं खाणाराचा जीव वाचवायचा तिथं मात्र नमुना सीलबंद करून दूरच्या शहरात पाठवायचा, आणि निकाल येईपर्यंत माल लोकांच्या पोटात जाऊन पचून गेलेला.

आमचा हा कनेरगाव नाका. नावातच नाका. पैनगंगेच्या अलीकडं निजामाचं राज्य, पलीकडं इंग्रजाच्या ताब्यातलं वऱ्हाड. अशा हद्दीवर माल अडवून करोडगिरी घ्यायचे. राज्याला पैसा पाहिजे होता म्हणून बैलगाडीतलं पोतं पण सुटत नव्हतं. आज इकडं मराठवाडा, तिकडं विदर्भ. हिंगोली-वाशिम रस्त्यानं रोज दूध जातं, खवा जातो, पनीर जातं, भगर, गूळ, तेल, सगळं जातं. एक विभाग संपतो, दुसरा लागतो. गाडी थांबते ती चहाला.

मे महिन्यात नाक्यावर मी एक गोष्ट पाहिली. दुधाचा टेम्पो दुपारी बिघडला. बर्फ नाही, गार करायची सोय नाही, उन्हात उभा. मेकॅनिक यायला संध्याकाळ झाली. आपल्या घरचं दूध अशा उन्हात दोन-तीन तासांत फाटतं. ते दूध फाटलं नाही. टेम्पो सुरू झाला आणि गेला. त्यात काही घातलेलं होतं का? मला माहीत नाही. सोड्यानं असेल, हायड्रोजन पेरॉक्साइडनं असेल, फॉर्मलिननं असेल, कदाचित सकाळीच नीट उकळून गार केलेलं असेल. मी कुणावर आळ घेत नाही. मला एवढंच म्हणायचंय की तिथं उभ्या असलेल्या वीस माणसांपैकी एकालाही ते तपासता आलं नसतं.

फॉर्मलिनची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. मेलेलं जनावर कॉलेजच्या बाटलीत ठेवतात ना, ते द्रव्य. दुधात घालायला पक्की बंदी. पण अन्न निरीक्षक जेव्हा दुधाचा नमुना घेतो तेव्हा तो प्रयोगशाळेत पोचेपर्यंत नासू नये म्हणून त्यात काय घालायचं, तर फॉर्मलिनच. दर २५ मिलिलिटरला दोन थेंब, हे जुन्या भेसळ कायद्याच्या नियमांतच लिहिलेलं होतं. फॅट आणि पाण्याच्या तपासणीला त्यानं अडचण येत नाही, ते ठीक. पण दुधात आधीच फॉर्मलिन होतं का, हे त्या बाटलीवरून कोण सांगणार? ते ताज्या दुधातच, जागेवरच बघावं लागतं. परीक्षानळीत दूध घेऊन कडेनं तीव्र सल्फ्युरिक आम्ल सोडलं की जांभळं कडं दिसतं. (घरी करू नका. त्या आम्लानं कातडी जळते, डोळा जातो. शिकलेल्या माणसाचं काम आहे ते.) म्हणजे लांबची प्रयोगशाळा कितीही मोठी बांधली तरी काही तपासण्या नाक्यावरच होतात.

शंभर-सव्वाशे वर्षांमागं अमेरिकेत हीच भांडणं चालू होती. दुधात फॉर्मलिन, लोण्यात आणि मटणात बोरॅक्स. तिथल्या कृषी खात्याचा मुख्य रसायनतज्ज्ञ हार्वे वायली यानं १९०२ मध्ये बारा तरुण पोरं जेवायला बसवली आणि त्यांना अन्नातून बोरॅक्स, सॅलिसिलिक आम्ल, फॉर्मलडिहाइड मोजून खाऊ घातलं. पोरं आजारी पडली. १९०६ मध्ये कायदा झाला. माणसांवर असा प्रयोग आज कुणी करू देणार नाही, करूही नये. मला त्यात लक्षात राहिलं ते वेगळंच. हे काम कृषी खात्यातल्या माणसानं केलं. त्याला वाटलं नाही की बांधाच्या बाहेर गेलं की माझी जबाबदारी संपली.

आपल्याकडं बांध हीच कायद्याची हद्द आहे. २००६ चा अन्न सुरक्षा आणि मानके कायदा, ५ ऑगस्ट २०११ पासून लागू. त्याचं कलम १८ उघडून बघा. शेतकरी, शेतीची कामं, पिकं आणि शेतकऱ्यानं शेताच्या पातळीवर तयार केलेला माल यांना हा कायदा लागू नाही. व्याख्येत तर अजून मजा आहे. शेतमाल 'प्राथमिक अन्न' कधी होतो, तर तो शेतकऱ्याच्या हातातून दुसऱ्याच्या हातात गेल्यावर. माझ्या ताडपत्रीवर पडलेली हळद कायद्याच्या डोळ्यानं अन्नच नाही! आडत्यानं उचलली की अन्न.

शेतकऱ्याला निरीक्षकाच्या जाचातून वाचवायला हे केलं असेल, आणि त्या अर्थानं बरंच केलं. कुणी उठसूट शेतात येऊन वही मागायला लागला तर आपण जगणार नाही. पण यातून झालं काय? जिथं रंग पडतो तिथं कायदा नाही आणि जिथं कायदा आहे तिथं माल दळून, मिसळून, पुडीत भरून झालेला. मग सापडतो कोण? सापडलाच तर शेवटचा दुकानदार.

मी यंदा पॉलिशच्या आधीच ठरवलं होतं की आपली हळद तपासून घ्यायची आणि कागद हातात घेऊनच बाजारात जायचं. एका कार्यालयात गेलो. साहेब चांगले होते, चहा पाजला. म्हणले, "शेतमाल आमच्याकडं येत नाही, तुम्ही कृषीवाल्यांकडं जा." दुसऱ्या कार्यालयात गेलो. "माती आणा, पाणी आणा, तपासून देतो. हळद म्हणजे अन्न झालं, ते आमच्याकडं नाही." मी म्हणलं, साहेब, तुमच्या म्हणण्यानं ती अन्न आहे, त्यांच्या म्हणण्यानं ती अजून शेतमाल आहे, मग ही हळद आहे तरी कोण? ते हसले. मी पण हसलो. करणार काय.

कायद्यात एक वाट आहे. कलम ४०. कुणीही ग्राहक विकत घेतलेलं अन्न फी भरून अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो, दोष निघाला तर फी परत. विश्लेषकानं अहवाल १४ दिवसांत द्यायचा. चांगलं कलम आहे, लोकांना माहीत नाही, माहीत करून घ्या. पण त्यात अट अशी की घेतानाच दुकानदाराला सांगायचं, मी हे तपासायला पाठवणार आहे. आता गावातल्या दुकानदाराला, ज्याची उधारी आपल्यावर आहे, त्याला हे तोंडावर कोण सांगतंय? आणि जो शेतकरी स्वतःचाच माल विकायच्या आधी तपासू बघतो त्याला तर हे कलम उपयोगाचंच नाही, कारण तो ग्राहक नाही.

राहिली खासगी प्रयोगशाळा. कुरिअर, फी आणि वाट बघणं. एकतीस क्विंटलवाल्याला एक वेळ परवडेल. पाच क्विंटलवाली बाई काय करंल?

आता कुणी म्हणंल, खेड्यापाड्यात अन्न तपासणं शक्यच नाही. शक्य आहे, आणि आपण ते रोज बघतो, फक्त त्याला ते नाव देत नाही. गावाच्या पाण्याचं बघा. विहिरीत ब्लिचिंग टाकलं की नाही हे थेंब टाकून रंगावरून बघतात. पाण्याच्या सोयीवरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळं, हिरवं कार्ड मिळतं. लाल कार्ड म्हणलं की सरपंच घाम पुसतो. जलजीवन मिशनमध्ये गावागावांत पाच-पाच बायांना पाणी तपासायची पेटी वापरायला शिकवायचं ठरलं. त्याहून जवळचं सांगतो. आशाताई घरी येतात आणि म्हणतात, चिमूटभर मीठ द्या. वर थेंब टाकतात. मीठ जांभळं झालं की आयोडीन आहे. हे काय आहे? ही अन्नाची तपासणीच आहे की, स्वयंपाकघरात, चुलीपाशी, एका गावच्या बाईनं केलेली! मिठाला जमतं तर दुधाला का जमू नये? स्टार्च बघायला आयोडीनचाच थेंब लागतो. खव्यात पीठ असलं तर निळा.

मातीचं पण तसंच. २०१५ पासून मृदा आरोग्य पत्रिका निघतात. नत्र, स्फुरद, पालाश, जस्त, लोह, सगळं छापून येतं. मातीची पत्रिका आहे, पाण्याचं कार्ड आहे. ज्या मातीतून, ज्या पाण्यावर जे पिकलं आणि माणसाच्या तोंडात गेलं, त्याचा कागद नाही.

आणि नमुने घेतात कधी? माणसं आडवी पडल्यावर. फेब्रुवारी २०२४ आठवा. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात, लोणार तालुक्यातल्या सोमठाण्याला सप्ताहात एकादशीचा प्रसाद खाऊन दोनशेवर माणसं ओकायला लागली. दवाखान्यात जागा नाही म्हणून रस्त्यावर झोपवून दोरीला सलाइनच्या बाटल्या टांगल्या होत्या. ते फोटो देशभर गेले. त्याच महिन्यात नांदेडच्या लोहा तालुक्यात कोष्टवाडीला भगर-आमटीनं दोन हजारांच्या आसपास लोकांना बाधलं. दोन्ही ठिकाणी नमुने घेतले, तपासणीला पाठवले. पातेलं रिकामं झाल्यावर! भगरीला बुरशी लागते, दळलेली भगर दमट हवेत ठेवली की विष धरते, हे काय त्या दिवशी कळलं का? दरवर्षी उपासाच्या दिवसांत तेच. पोतं दुकानात उतरलं त्या दिवशी कुणी उघडून पाहिलं असतं तर सलाइनला दोरी बांधायची वेळ आली नसती.

मागं मी हे बोललो तर एका जवळच्या मित्रानं, स्वतः हळदवाला आणि कृषी पदवीधर, मला बाजूला घेऊन समजावलं. "भाऊ, आत्ताच तर वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये जीआय मानांकन मिळालंय. वसमतला हळद संशोधन केंद्र उभं राहतंय. हिंगोलीच्या मार्केट यार्डात कुठून कुठून हळद येती. अशात तू शिशाचं नाव काढतोस? बदनामी कुणाची होईल? आपलीच."

मला त्याचं दुःख कळतं. भाव पडला तर त्याच्या आधी माझ्या घरात कळंल. पण जीआय म्हणजे नावाचं कुंपण आहे. आत काय उगवलंय ते कुंपण सांगत नाही. उद्या परदेशातल्या एखाद्या बंदरात आपल्या नावाचा एक कंटेनर अडला तर बदनामी माझ्या लिहिण्यानं होणार नाही, कंटेनरनं होईल. तेव्हा रंग न लावणारा आणि लावणारा दोघंही एकाच भावात मरतील, कारण कोण कुठला हे दाखवायला कागद नसंल.

आणि विद्यापीठातल्या भाऊ-ताईंनो, एक तुमच्यासाठी. तुम्ही आम्हाला दरवर्षी सांगता, कुरकुमीन वाढवा, हे वाण घ्या, वेळेवर काढणी करा, शिजवताना जास्त वेळ लावू नका. आम्ही करतो. मग लिलावात काय होतं? व्यापारी मूठभर हळकुंडं उचलतो, उन्हात धरतो, एक मोडतो, आणि भाव बोलतो. कुरकुमीन किती ते कुणी विचारत नाही. भाव डोळ्यानं ठरतो. भाव डोळ्यानं ठरतो म्हणून डोळ्यासाठी रंग पडतो, याच्यात दुसरं काही गणित नाही. यंदा मी बिनरंगाचे पहिले दहा क्विंटल एका बाजारात नेले. शेजारच्या ढिगाला माझ्यापेक्षा क्विंटलमागं सातशे रुपये जास्त लागले. त्याच्या हळदीत काही होतं असं मी म्हणत नाही, ती झळकत होती एवढंच. खरेदीदार म्हणला, "मामा, तुमचा माल मळका वाटतो." सात हजारांचा फटका. हे सात हजार ज्याला सोसत नाहीत तो पुढच्या वर्षी रंगाचा हात मारतो. त्याला पापी म्हणून काय उपयोग?

बांगलादेशानं काय केलं ते बघा, कारण ते आपल्याएवढेच गरीब आहेत. २०१९ च्या शेवटी त्यांनी ढाक्याच्या घाऊक बाजारात बंदुकीसारखं हातात धरायचं एक्स-रे यंत्र नेलं. हळदीवर टेकवलं की काही सेकंदांत शिसं किती ते सांगतं. दोन व्यापाऱ्यांना जागेवर दंड केला, माल जप्त केला, ते सगळं टीव्हीवर दाखवलं. बाजारा-बाजारात पत्रकं लावली, की ही पावडर हळदीत घालणं गुन्हा आहे आणि तुमच्या पोराच्या मेंदूला घातक आहे. २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत शिसं सापडलं होतं. २०२१ मध्ये शून्य. हळद गिरणीतल्या कामगारांच्या रक्तातलं शिसं पण उतरलं. दोन वर्षं लागली फक्त. यंत्र स्वस्त नाही, लाखांत जातं, मान्य. पण हळदीच्या एका मोठ्या यार्डात हंगामात जेवढी उलाढाल होते, जेवढा सेस गोळा होतो, त्याच्यापुढं ते काय आहे? बाजार समितीला भुईकाटा परवडतो तर हे पण परवडंल.

माझं मागणं एवढंच आहे. हळदीच्या यार्डात काट्याशेजारी ते यंत्र. लिलावाच्या आधी ढिगाला लावा आणि शेतकऱ्याच्या हातात पावती द्या, फॅटच्या पावतीसारखी. नाक्यासारख्या जागी आठवडी बाजाराच्या दिवशी फिरती प्रयोगशाळा. केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणानं अशा गाड्या राज्यांना दिल्यात, नवीन काही शोधायचं नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात पाण्याच्या पेटीशेजारी दूध-खव्याची साधी पेटी आणि ती वापरणारा शिकलेला माणूस. यात्रा-सप्ताहाच्या आधी भगर-तेल बघायची जबाबदारी एकाच्या नावावर. आणि सगळ्यात आधी, पहिली दोन वर्षं शेतकऱ्याला दंड नको, नुसता निकाल सांगा. त्याला कळू द्या की पॉलिशवाल्यानं काय टाकलं. माझी खात्री आहे, दहातले आठ जण कळल्यावर थांबतील. उरलेल्या दोघांचं मग बघू.

तोवर आपल्या हातात काय आहे ते सांगतो. काचेच्या ग्लासात पाणी घ्या, हळकुंड टाका, ढवळू नका. रंग चढवलेली असंल तर लगेच पाण्यात पिवळी धार सुटते. चांगली हळद लगेच रंग सोडत नाही. केंद्राच्या पुस्तिकेत ही तपासणी दिलेली आहे. पण हेही लक्षात ठेवा, यातून फक्त रंग आहे-नाही एवढंच कळतं. शिसं आहे का, किती आहे, ते ग्लास सांगत नाही.

मला हे नीट माहीत आहे, कारण मागच्या आठवड्यात मी बहिणीकडं गेलो होतो. तीन वर्षांमागं दिलेल्या हळदीतली पसाभर हळकुंडं तिच्या डब्याच्या तळाला उरली होती. मी दोन ग्लास मांडले. एकात यंदाची, एकात ती. तिच्या ग्लासात हळकुंड तळाला टेकायच्या आतच पाणी पिवळं झालं. ती म्हणली, "दादा, ही लई रंगाची होती बघ. चिमूटभर टाकली तरी वरण कसं पिवळंजर्द व्हायचं. पोरीला तेच आवडायचं."

भाची आता साडेचार वर्षांची आहे. अंगणवाडीत जाते. अंगणात खेळत होती, मामा मामा करत आली. चांगली आहे, गुटगुटीत आहे. डोळ्यानं बघितलं तर काही नाही. पण मी नुकतंच सांगितलं की डोळ्यानं बघून काय कळतं. बहिणीला मी अजून सगळं सांगितलेलं नाही. उरलेली हळकुंडं एवढंच म्हणून घेऊन आलो की ही जुनी झाली, नवी देतो.

ती पुडी माझ्या टेबलावर आहे. खासगी प्रयोगशाळेचा पत्ता मिळालाय, उरलेली हळद विकली की पाठवणार. पोरीच्या रक्तातलं शिसं जवळपास कुठं तपासून मिळतं का, हे वाचणाऱ्यांत कुणी डॉक्टर असतील तर मला कळवा. माझ्या ओळखीतल्या तिघांना विचारलं, तिघांनी मोठ्या शहराचं नाव घेतलं.

१ मेला ग्रामसभा आहे. आपला जिल्हा १९९९ मध्ये त्याच तारखेला झाला, झेंडा लागंल, भाषणं होतील. मी ठराव लिहून ठेवलाय, चार ओळींचा. पाण्याप्रमाणे गावात येणाऱ्या आणि गावातून जाणाऱ्या अन्नाची तपासणी करण्याची सोय नाक्यावर व्हावी, आणि त्याचा निकाल विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला दोघांना लेखी मिळावा. अनुमोदक लागतो. दोन जणांनी हो म्हणलंय. त्यातला एक पॉलिशवाल्या पोराचा बाप आहे.

एकवीस क्विंटल शिल्लक आहे. बिनरंगाची, मळकी दिसणारी. कुणाला घरासाठी पाहिजे असंल तर या, ग्लास आणि पाणी ठेवलंय.